अंगठा कोणाचा, संमती कोणाची?

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीने जो गोंड वीर धारातीर्थी पडला, त्याचे नाव आज एका जिल्ह्याला दिलेले आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे करण्यात आले, त्यांपैकी आसिफाबादचा जिल्हा त्याच्या नावाचा. पण ते नाव लिहावे कसे, याचा निकाल मात्र अद्याप लागलेला नाही. तेलुगू लेखनात तो बहुधा ‘कोमरम भीम’ असतो, जिल्ह्याच्या सरकारी नावात ‘कुमुरम भीम’ होतो, आणि त्याचे भाऊबंद गोंड त्याला ‘कुम्रम’ म्हणतात. हुतात्म्याच्या नावाची ही अवस्था, तर उटनूरकडील आश्रमशाळेत शिकणाऱ्या एखाद्या कोलाम मुलीचे नाव शाळेच्या नोंदवहीत, आधारपत्रावर आणि शिधापत्रिकेवर अक्षरशः एकच असावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? तरीही ती आज देशभर केली जात आहे. नाव जुळत नसेल तर त्या मुलीचा क्रमांक तयार होत नाही, आणि तो तयार झाला नाही की शिक्षकाला वरून विचारणा होते.

जुन्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी बापाला जन्मतारीख विचारीत. बाप ‘पोळ्याच्या सुमारास’ किंवा ‘मोठा पूर आला त्या साली’ असे सांगे, आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. मराठी मुलखात एक जूनला जन्मलेल्यांची गर्दी पाहून एखाद्या परक्या विद्वानाने त्यावर प्रबंधच लिहिला असता. त्या नोंदीत चूक असे, पण ती नोंद शाळेच्या लाकडी कपाटात राही. ती पाहावयाची तर मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा लागे, ते जागेवर असावे लागत, आणि कपाटाची किल्ली सापडावी लागे. ही गैरसोय हेच त्या नोंदीचे कुलूप होते. आता कपाट गेले आणि कुलूपही गेले. शाळेतील नोंद एका क्षणात दिल्लीस पोहोचते, आणि तेथून ती कोठकोठे जाते हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसते.

समुद्रकाठच्या वृत्तपत्राने आदिलाबादच्या डोंगरांतील शाळांविषयी एवढी काळजी का वाहावी, असे काही वाचकांना वाटेल. आदिलाबाद आम्हांला परके नाही. यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर यांना लागून असलेल्या या भूमीत मराठी घरोघर बोलली जाते. तेथील गोंडांसाठी पहिल्या प्राथमिक पुस्तकांची लिपी ठरविण्याची वेळ आली, तेव्हा देवनागरीचीच निवड झाली होती. शिवाय जी पद्धत तेथे चालली आहे, तीच थोड्याफार फरकाने पेडण्यात, सावंतवाडीत आणि रत्नागिरीतही चालली आहे. फरक एवढाच की आपल्याकडील पालक निदान अर्ज वाचू शकतो. तेथील पालकाला तेवढेही शक्य नसते, म्हणून रोगाचे खरे रूप तेथे उघडे दिसते.

आज शाळा काय गोळा करतात ते आधी पाहू. २०२२-२३ या वर्षापासून केंद्र सरकारच्या ‘युडायस प्लस’ या व्यवस्थेत शाळेतील मुलांची केवळ संख्या न भरता प्रत्येक मुलाची स्वतंत्र माहिती भरली जाऊ लागली. नाव, जन्मतारीख, आईबापांची नावे, मातृभाषा, सामाजिक प्रवर्ग, दारिद्र्यरेषा, अपंगत्व, दूरध्वनी असे रकाने तीत आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात प्रत्येक विद्यार्थ्यास बारा अंकी कायम क्रमांक देण्याची ‘अपार’ नावाची योजना राज्यांकडे आली. शाळांनी पालकांच्या सभा घ्याव्यात आणि संमतिपत्रे भरून घ्यावीत, असे सांगण्यात आले. योजनेचे नाव मोठ्या चतुराईने ठेवलेले आहे. ज्याला पार नाही ते अपार! त्याच वर्षी तेलंगणाच्या शालेय शिक्षण विभागाने सरकारी शाळांत मुलांचा चेहरा ओळखून हजेरी मांडणारे अ‍ॅप आणले. म्हणजे नाव, कुळ आणि क्रमांक यांच्या जोडीला आता चेहराही आला. क्रमांक बदलता येतो, गुप्त शब्द बदलता येतो; दहा वर्षांच्या पोराचा चेहरा एकदा यंत्रात गेला की तो कोणी कसा बदलावयाचा?

या सर्व व्यवस्थेच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे आम्ही म्हणत नाही. ऊसतोडीला वा वीटभट्टीला गेलेल्या कुटुंबाचे मूल मधल्या महिन्यांत कोठे गेले याचा पत्ता लागत नाही. दाखल्यावाचून दुसऱ्या गावची शाळा त्याला घेण्यास कुरकुर करते. पटावर खोटी नावे चढवून धान्य आणि अनुदान लाटणाऱ्या शाळा महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. हुशार मुलाची शिष्यवृत्ती मधल्यामध्ये अडकू नये, ही इच्छाही रास्तच आहे. परंतु चोर पटावर नावे चढविणारा संस्थाचालक आणि झडती मात्र मुलांची, हा न्याय आम्हांला समजत नाही. आणि योजना चांगली आहे म्हणून विचारण्याची गरज नाही, हे सूत्र एकदा मान्य केले की काय होते, याचा धडा आदिलाबादच्याच राज्यात मिळालेला आहे.

तो धडा खम्मम जिल्ह्याचा. २००९ च्या जुलैत, अविभाजित आंध्र प्रदेशात, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रायोगिक कार्यक्रम तेथे सुरू झाला. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांचा तो संयुक्त उद्योग होता. दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे १४,००० मुलींना लस टोचण्यात आली. भद्राचलमकडील आदिवासी मुली त्यांत मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांतील कित्येक आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या. काही मुलींच्या मृत्यूची वार्ता फुटली, तेव्हा २०१० च्या एप्रिलमध्ये कार्यक्रम थांबविण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे घडले असे चौकशी समितीला आढळले नाही. ती लसही आज जगभर उपयुक्त म्हणून मान्य झालेली आहे. आमचा रोख लशीकडे नाहीच.

आमचा रोख कागदांकडे आहे. चौकशीत संमतिपत्रांच्या पेट्या उघडल्या गेल्या, आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या ऑगस्टमधील अहवालात त्यांचे आकडे दिले. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते, आणि २,७६३ पत्रांवर सह्या होत्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या! वाचकांनी हा दुसरा आकडा पुन्हा एकदा वाचावा. दोन हजार सातशे त्रेसष्ट मुलींच्या बाबतीत ‘पालक’ या रकान्यात आई नव्हती, बाप नव्हता, मामाही नव्हता. शाळेतून पगार घेणारा, वरिष्ठांच्या आदेशाखाली काम करणारा आणि ठरलेल्या तारखेपर्यंत कागद पुरे करून देण्याची जबाबदारी असलेला एक नोकर तेथे होता. मागणारा सरकार, देणारा सरकारचा नोकर, आणि जिच्या दंडात सुई गेली तिच्या घरी यातले काहीच कळलेले नव्हते. ज्या अंगठ्यांची मोजदाद झाली त्यांविषयी तरी काय सांगावे? अंगठा उमटविणाऱ्याला तो कागद कोणी वाचून दाखविला होता का, आणि कोणत्या भाषेत, हे अंगठ्यावरून कळत नाही.

त्या अधीक्षकांना आम्ही खलपुरुष ठरवू इच्छित नाही. पावसाळ्यात ओढे भरलेले, पाडे दूर विखुरलेले, आईबाप रानात. आणि वरून आकडा हवा असल्याचा निरोप. अशा वेळी सही करून टाकणे हा त्या बिचाऱ्याला सर्वांत निरुपद्रवी मार्ग वाटला असेल. आपण मुलांना जेवू घालतो, तापात उशाशी बसतो, मग आपणच त्यांचे पालक, असेही त्याला प्रामाणिकपणे वाटले असेल. पण सांभाळ करणे आणि मुलाच्या वतीने हक्क सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदिलाबादच्या आश्रमशाळा त्याच खात्याच्या, त्याच ठशाच्या आहेत. तेथील अधीक्षकासमोर आज सुईऐवजी संगणकाचा रकाना आहे, एवढाच काय तो भेद.

‘अपार’च्या संमतिपत्राचा मसुदाच पाहा. मुलाची माहिती शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक नोंदी यांसाठी वापरली जाईल, येथपर्यंत कोणी हरकत घेणार नाही. परंतु २०२३ साली शाळांकडे आलेल्या मसुद्यात ती शिक्षणसंस्थांप्रमाणेच नोकरभरती करणाऱ्या संस्थांनाही उपलब्ध होऊ शकेल असे म्हटलेले होते. तिसरीतल्या मुलाचा बाप नोकरभरतीच्या संस्थेस कशाची संमती देतो, हे त्याला कोणी समजावून सांगितले असेल का? संमती केव्हाही मागे घेता येईल, असे आश्वासन त्यात आहे. त्याच वेळी, तोपर्यंत जी माहिती वापरली गेली तिला त्या माघारीने बाध येणार नाही, असेही त्यातच आहे. दाराला कडी आहे, पण ती घोडा पळाल्यावर लावावयाची.

सरकार म्हणते, योजना ऐच्छिक आहे. कागदावर ती आहेच. पण शाळांनी किती टक्के काम पुरे केले याचे तक्ते जिल्हावार लागतात, मागे पडलेल्या मुख्याध्यापकांना बोलावणी येतात, आणि मग ‘ऐच्छिक’ हा शब्द शाळेच्या फाटकाशी येईपर्यंत गळून पडतो. मुख्याध्यापक शिक्षकाला सांगतो, शिक्षक मुलाला सांगतो, आणि मूल घरी जाऊन आईला म्हणते, ‘उद्या सही आणली नाही तर सर रागावतील.’ आई सही करते. या सहीला संमती म्हणावयाचे असेल, तर पावसात भिजण्यालाही स्नान म्हणता येईल.

ही आमचीच तक्रार आहे असे नाही. स्वीडन देशातील शेलेफ्तेओ नगरपालिकेने एका शाळेत बावीस विद्यार्थ्यांची हजेरी चेहऱ्यावरून घेऊन पाहिली. अवघ्या तीन आठवड्यांचा प्रयोग, तोही पालकांची संमती घेऊन केलेला. २०१९ साली तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने नगरपालिकेस दोन लाख क्रोनरचा दंड केला. त्याचे कारण मोठे मननीय आहे. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, दोघांचे बळ सारखे नसते, म्हणून अशा नात्यात दिलेली संमती ही खरी संमतीच नव्हे, असे प्राधिकरणाने म्हटले. इंग्लंडात २०१२ च्या कायद्याने मुलाचे बोटाचे ठसे वा तत्सम खुणा घेण्यापूर्वी पालकाची लेखी संमती आवश्यक केली. शिवाय मूल स्वतः नको म्हणाले तर पालकाची संमतीही चालत नाही, आणि नकार देणाऱ्यासाठी शाळेने दुसरी सोय ठेवलीच पाहिजे. साक्षर आणि सधन देशांतील पालकांना जर एवढे संरक्षण लागते, तर ज्याच्या घरी कोलामी बोलतात आणि ज्याच्या पुढ्यात इंग्रजी वा तेलुगू कागद ठेवला जातो, त्या बापाला ते किती लागेल?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार-निकालात, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलाच्या आधार-नोंदणीस आईबापांची संमती हवी, आणि वयात आल्यावर त्यातून बाहेर पडण्याची मुभा त्या मुलास हवी, असे न्यायालयाने सांगितले. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी, मुलांचा माग काढू नये, असे त्याचे नववे कलम सांगते. वाचून समाधान वाटते. पण २०२५ च्या नोव्हेंबरात जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत शैक्षणिक कार्यासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी ठेवल्या जाणाऱ्या देखरेखीपुरती शिक्षणसंस्थांना याच कलमातून सूट देण्यात आली, आणि कायद्याची मुख्य कलमे अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. शिवाय सरकारी लाभ वा दाखला देण्यासाठी माहिती वापरावयाची असेल, तर सरकारला संमतीच्या पायरीवर फार वेळ थांबावे लागत नाही, अशी सोय मूळ कायद्यातच आहे. ज्या घरात मूल दिवसाचे सहा तास असते, आश्रमशाळेत तर चोवीस तास, त्याच घराच्या दारावर पहारा सैल करण्यात आला.

माहिती सरकारच्या हाती सुरक्षित असते, हा विश्वास आम्हांलाही ठेवावयास आवडला असता. पण ‘दीक्षा’ या केंद्रीय शिक्षण-अ‍ॅपमधील सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती उघड्यावर पडल्याचे २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राने २०१६ च्या नोव्हेंबरात याहून विनोदी प्रकार करून पाहिला होता. गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी सोमवारी दहा-दहा मुलांच्या घोळक्यात उभे राहून ‘सेल्फी’ काढावी आणि ती ‘सरल’ प्रणालीत चढवावी, असा तो आदेश. शिक्षक संघटनांनी एकच गदारोळ केला, आणि २०१७ च्या जानेवारीत तो आदेश थांबविण्यात आला. एका गोष्टीची मात्र तेव्हा फारशी वाच्यता झाली नाही. त्या छायाचित्रांतील मुलामुलींच्या आईबापांना कोणी विचारले होते का? शिक्षकांना संघटना आहे म्हणून त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचला. पालकांना तशी संघटना नाही.

आणि जातीच्या रकान्याचे काय? तो रकाना शिष्यवृत्तीसाठी लागतो, हे खरे. पण आदिलाबादमध्ये तो नुसता रकाना नाही. लंबाडा समाजाच्या अनुसूचित जमातीतील समावेशावरून २०१७ च्या अखेरीस गोंड-कोलाम आणि लंबाडा यांच्यात तेथे एवढे वितुष्ट आले की हिंसा झाली, जमावबंदी पुकारावी लागली, आणि आश्रमशाळांत कोणत्या समाजाचा शिक्षक शिकवतो यावरूनही वाद पेटले. अशा ठिकाणी कोणत्या शाळेत कोणत्या समाजाची किती मुले, त्यांचे पाडे कोणते आणि बापाचा दूरध्वनी काय, ही यादी भलत्या हाती पडली तर काय होईल, याचा विचार दिल्लीत बसून रकाने आखणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही.

याच मुलखातील एक गोष्ट या साऱ्या हिशेबी व्यवस्थेची मर्यादा दाखवून देते. चंद्रपूरचा जिवती तालुका आणि पूर्वीच्या आदिलाबादचे केरामेरी मंडळ यांच्या सीमेवर महाराजगुडा, मुकदमगुडा आदी चौदा गावे आहेत. दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगतात. तेथील माणसांकडे दोन शिधापत्रिका, दोन मतदारपत्रे, आणि गावांत एक शाळा मराठी, दुसरी तेलुगू. ही गावे चंद्रपुरात घेण्याची घोषणा महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या जुलैत केली. तेथील मूल कोणत्या राज्याच्या यंत्रात मोजावयाचे? दोन्हीकडे नाव सापडले, तर यंत्राच्या लेखी ते बोगस विद्यार्थी! सत्तर वर्षे दोन सरकारांना जो तंटा मिटविता आला नाही, त्याचा दोष सात वर्षांच्या पोराच्या माथी येणार. त्याच्या बापाला बोलावून, ‘बाबा, तुझ्या मुलाची नोंद कोठे करावयाची?’ एवढे कोणी विचारील काय?

विचारणे अवघड नाही. आदिलाबादमध्ये तर मुळीच नाही. १९४३ साली निजामाच्या राजवटीत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंडी शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. निजामाच्या उर्दू कारभारात गोंडीतून शिकविता आले, मग आजच्या लोकशाही राज्यात एक संमतिपत्र गोंडीतून, कोलामीतून आणि मराठीतून वाचून दाखविता येऊ नये? हा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आहे. येथे ग्रामसभेला १९९६ च्या कायद्याने अधिकार आहेत. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावयाचे आहेत. तेलंगणाने २०२४ साली मातांच्या ‘अम्मा आदर्श पाठशाळा’ समित्या नेमल्या, त्या शाळांच्या दुरुस्तीची कामे पाहतात. भिंतीच्या गिलाव्याविषयी ज्या आयांना विचारले जाते, त्यांना आपल्या लेकरांच्या चेहऱ्याविषयी विचारावयास काय हरकत आहे?

उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने याबाबतीत पाऊल उचलावे, असे आमचे सांगणे आहे. अधीक्षकाची आणि मुख्याध्यापकाची सही पालकाच्या रकान्यात ग्राह्य धरू नये. संमतिपत्रावर ‘होय’च्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत ‘नाही’ छापावे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या मुलाला जेवण, गणवेश, पुस्तके वा दाखला यांपैकी काहीही अडणार नाही, हे त्याच कागदावर असावे. चेहऱ्याऐवजी तोंडी हजेरीची जुनी पद्धत अशा मुलांसाठी चालू ठेवावी. शंभर वर्षे ती चालली, तेव्हा कोणाचे बिघडले नाही. नावातील फरक दुरुस्त करण्याचा हेलपाटा बापाला तालुक्याच्या गावी घालावा लागू नये, आणि दुरुस्ती होईपर्यंत शिक्षकाला नोटीस जाऊ नये. शाळांनी ‘नाही’ किती आले याचा आकडाही वर कळवावा. ज्या जिल्ह्यातून एकही ‘नाही’ येणार नाही, त्या जिल्ह्यात खरोखर विचारले गेले की नाही याची तपासणी प्रथम व्हावी.

यासाठी वेगळी मोहीम काढण्याचेही कारण नाही. तेलंगणातील शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. पेरणीची घाई असली तरी त्या दिवसांत बाप मुलाची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आश्रमशाळेत येतो, आणि परतीची गाडी मिळेपर्यंत वसतिगृहाच्या ओसरीवर बसून राहतो. अधीक्षकही तेव्हा तेथेच असतो.